थोरलीचा खड्डा पाणी पितो

बायका एकमेकींच्या कपड्यांवर जळतात, केसांवर जळतात, पोरांच्या मार्कांवर जळतात. पण जावेने खणून घेतलेल्या एका ओबडधोबड खड्ड्यावर जळून जळून कोळसा झालेली बाई बघायची असेल, तर आमच्या धाकटीकडेच यावं लागेल.

त्या खड्ड्यात सोनंनाणं नव्हतं. मांडीइतका खोल, कडा कुरतडलेल्या, जणू कुणी चिडून खणला असावा. त्याचा एकच गुण होता. त्यात पाणी ओतलं की तो पाणी प्यायचा. आणि त्याच्यापासून चार पावलांवर, दोरीच्या अलीकडे, धाकटीचा खड्डा होता. तो पाणी पीत नव्हता.

झालं होतं असं, की दोन भावांनी मिळून वस्तीच्या टोकाला जमिनीचा एक तुकडा घेतला, मधोमध दोरी ताणली आणि वरची बाजू थोरल्याने, उताराची बाजू धाकट्याने वाटून घेतली. गटारं तिथवर पोचली नव्हती, त्यामुळे घर बांधायचं तर आधी आपापली सेप्टिक टाकी आणि तिच्यातलं पाणी जिरवायला शोषखड्डा हवा. आणि टाकीला कचेरीची परवानगी हवी तर आधी सिद्ध करायला हवं की आपली माती पाणी पिते आणि जमिनीखालचं पाणी पुरेसं खोल आहे. परवानगी नाही तर पाया नाही, पाया नाही तर घर नाही.

धाकटीला घराची घाई होती. राहत्या भाड्याच्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं होतं, आणि रोज कुणीतरी अनोळखी माणूस येऊन तिच्या स्वयंपाकघरातल्या ओलीकडे बघून नाक मुरडायचा. तसं त्या स्वयंपाकघरात मुरडायला नाकाशिवाय दुसरं काही मावतही नव्हतं. कपाटाचं दार उघडायचं तर लेकीला उचलून पलंगावर ठेवावं लागे. लेकीला जमिनीवर मनसोक्त लोळता यावं एवढी फरशी असावी, एवढंच धाकटीचं स्वप्न. त्यासाठी एका खड्ड्याने दोन घोट पाणी प्यावं, ही काही फार मोठी अपेक्षा नव्हती.

कचेरीकडून तपासायला आले ते गृहस्थ कामाला फार चोख. घरात त्यांचं नाव पडलं खड्डेसाहेब. त्यांनी आधी शेजारच्या निवृत्त मास्तरांची विहीर पाहिली आणि सांगितलं, "विहिरीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा." म्हणून दोन्ही घरांचे खड्डे विहिरीच्या विरुद्ध कोपऱ्यात, दोरीच्या अल्याडपल्याड, एकमेकांना खेटून आले. प्रत्येकाचे दोन. एक उथळ, पाणी पितो का बघायला, आणि एक पुरुषभर खोल, खाली पाणी लागतं का बघायला.

इथे धाकटीच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो तसबिरींना चौकटी करणारा माणूस. आयुष्यात त्याने वाकडा कोन केला नाही. उथळ खड्डा त्याने स्वतः खणला, गुण्याने कोन तपासले आणि फावड्याच्या पाठीने भिंती घोटून घोटून अशा गुळगुळीत केल्या की आत तोंड दिसावं. लोक बघायला आले. मास्तर म्हणाले, "असा खड्डा मी आयुष्यात पाहिला नाही." नवरा लाजला. थोरल्या भावाने आपला खड्डा रविवारी सकाळी, चहा गार होईपर्यंतच्या वेळात, पहारीने उचकटून काढला होता.

चाचणीच्या आदल्या दिवशी दोन्ही उथळ खड्डे काठोकाठ भरून ठेवायचे होते. दुसऱ्या दिवशी खड्डेसाहेब आले. थोरलीचा खड्डा कोरडा, जीभ बाहेर काढून बसलेला. धाकटीच्या खड्ड्यात पाणी जसंच्या तसं, वर एक चिमणीचं पीस तरंगतंय.

"प्यायला नाही," खड्डेसाहेब म्हणाले.

"नवीन आहे हो," धाकटी म्हणाली. "सवय होईल."

खड्डेसाहेबांनी तिच्या मातीचा गोळा घेतला, ओला केला, तळहातावर वळला. वळी झाली, लांब झाली, तुटेना. "चिकट आहे," ते म्हणाले. धाकटीला हे आपल्या स्वभावाबद्दल म्हटल्यासारखं झोंबलं. मग ते शिडीने खोल खड्ड्यात उतरले आणि वर आले तेव्हा त्यांचे बूट ओले होते. "खाली पाणी आहे. इथे शोषखड्डा? अवघड आहे."

थोरलीचा खोल खड्डा अर्थातच कोरडा ठणठणीत.

खरं तर खड्डेसाहेबांनी त्याच दिवशी थोरलीला होकार आणि धाकटीला नकार लिहून दिला असता. पण कचेरीतल्या खिडकीवरच्या कारकुनाने नन्नाचा पाढा लावला. जमिनीचा तुकडा एक, त्याला निकाल दोन कसे? "मध्ये दोरी आहे," धाकटीचा नवरा म्हणाला. "दोरीला आम्ही ओळखत नाही," कारकून म्हणाला. शेवटी ठरलं की पंधरवड्याने फेरचाचणी. आणि तोवर उथळ खड्ड्यांना रोज पाणी दाखवायचं, म्हणजे माती आपला खरा स्वभाव दाखवेल.

तो पंधरवडा धाकटीला जन्मभर पुरेल.

आजवर थोरलीकडे काय नव्हतं? रस्त्याकडची बाजू तिची. कुरळे केस तिचे. कुकरची शिट्टी तिचीच वेळेवर व्हायची. तिचा मुलगा पेलाभर दूध घटाघटा पिऊन ओठ पुसायचा आणि धाकटीची लेक दुधाच्या पेल्याकडे असं बघायची की जणू त्यात कुणी शाई कालवलीय. हे सगळं धाकटीने सोसलं होतं. पण आता माती? एकाच तुकड्यातली, एकाच दिवशी घेतलेली माती, तीसुद्धा दोरी ओलांडली की थोरलीची बाजू घेणार?

आणि थोरली काही गप्प बसणारी नव्हती. कपडे वाळत घालता घालता विचारायची, "काय गं, प्यायला का आज तुझा?"

"घेतोय थोडं थोडं," धाकटी म्हणायची.

"आमच्याला पुरतच नाही बाई. भरला की रिकामा, भरला की रिकामा. माझे हात गळून गेले पाणी ओतून." हे सांगताना तिचा चेहरा असा, की कौतुक करणारीने जपून करावं, दृष्ट लागेल.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मास्तर म्हणाले, पाणी उन्हात तापवून ओता. औषधाच्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?" इस्त्रीवाला म्हणाला की मातीला माया लावावी लागते, जवळ बसून बोलावं लागतं. धाकटीने हा सल्ला हसण्यावारी नेला, आणि त्याच दिवशी लेकीला मांडीवर घेऊन खड्ड्याच्या काठावर बसली.

"पी रे राजा," ती म्हणाली. "एवढंसं पी."

लेकीने खाली वाकून पाहिलं आणि आईच्या आवाजात बजावलं, "पी, नाहीतर काऊला देईन." खड्डा ढिम्म. धाकटीला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि तेही खड्ड्यात पडलं तर पातळी वाढेल म्हणून तिने घाईघाईने लेकीच्या झबल्यालाच डोळे पुसले.

सासूबाईंकडे गाऱ्हाणं नेलं तर त्या म्हणाल्या, "मला दोन्ही खड्डे सारखे."

"आई, तुमचं खरं सांगा, त्यांचा जास्त आवडतो ना?"

"तुझा देखणा आहे गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा खाऊनपिऊन आहे, इतकंच."

नवऱ्याला मात्र सगळ्यात मोठा धक्का बसला. खड्डेसाहेब जाता जाता म्हणून गेले होते की भिंती घोटल्यामुळे मातीची तोंडं बंद झालीत, त्या खरवडा. "माझं काम खरवडायचं?" तो रात्रंदिवस एवढंच म्हणत होता. शेवटी धाकटीने स्वतः उतरून खुरप्याने भिंती खरवडल्या आणि तो पाठ फिरवून उभा राहिला, दवाखान्यात पोराला सुई टोचताना बाप उभा राहतो तसा.

खरवडल्यावर खड्डा हळूहळू पाणी घ्यायला लागला. पण खोल खड्ड्यातलं पाणी? ते हटेना. उलट रोज दुपारनंतर ताजं दिसायचं. आता उथळ खड्डा पास झाला तरी खोल खड्डा नापास करणार, हे दिसत होतं. म्हणजे थोरलीचा पाया भरला जाणार, भिंती उठणार, आणि आपण लेकीला कडेवर घेऊन तिच्या वास्तूत पाहुण्यासारखं जाऊन म्हणणार, "छान उजेड येतो हो!"

या एका वाक्याने धाकटीचा तोल गेला.

फेरचाचणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लेक आजीच्या कुशीत झोपलेली असताना तिने आपल्या बाजूची चिकट माती बादलीत कालवली आणि ती बादली घेऊन दोरी ओलांडली. बेत साधा होता. थोरलीच्या खड्ड्याला आतून पातळसा लेप द्यायचा. फार नाही. तहान जरा मरेल एवढाच. खोटं काम करायला निघालेलं माणूस मनाशी जे जे बोलतं ते ते सगळं ती बोलली. मी काही घेत नाहीये, उलट माझी माती देतेय. नात्यात देवाणघेवाण चालायचीच.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. खणलेल्या मातीचे ढीग इतके उंच की पलीकडचं काही दिसत नव्हतं. थोरलीचा खड्डा नेहमीसारखा रिकामा. धाकटी आत उतरली, गुडघ्यांवर बसली आणि लेपायला लागली. उताराच्या बाजूला तळाशी हात फिरवला, तर हात आतच गेला. कोपरापर्यंत. तिथे बीळ होतं. घुशीचं चांगलं ऐसपैस बीळ, खाली उतरत गेलेलं, दोरीच्या पलीकडे, थेट तिच्याच बाजूला.

ती नीट बघायला वाकली, आणि जमीन बोलली.

"सगळं हिच्याच नशिबी," जमीन म्हणाली. मग पाण्यात बादली बुडल्याचा आवाज आला. "नवरा गरीब गाय. सासूची लाडकी. खड्डासुद्धा कसा, बघत राहावा असा. आणि आता दारात पाणी. उद्या विहीर बांधेल, आम्ही बसू नळाची वाट बघत."

धाकटीच्या अंगावर काटा आला. भुताचा नव्हे. भूत परवडलं असतं. आवाज ओळखीचा होता.

"ताई?" ती बिळात तोंड घालून म्हणाली.

खाली बादली आपटली.

"कोण आहे?" बीळ म्हणालं.

"मी."

"कुठून बोलतेस?"

"तुमच्या खड्ड्यातून."

"माझ्या खड्ड्यात काय करतेस तू?"

"तुम्ही माझ्या खड्ड्यात काय करताय?"

मग दोघी वर आल्या. थोरली शिडीने, हातात भरलेली बादली. धाकटी कोपरापर्यंत चिखलात, हातात अर्धी संपलेली बादली. मातीच्या ढिगाशी दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या बादल्यांकडे बघू लागल्या.

थोरली मोठी होती, म्हणून आधी तिने कबुली दिली. रोज खड्डा भरायचा तर पाणी पार मास्तरांच्या विहिरीवरून आणावं लागायचं. त्यापेक्षा धाकटीच्या खोल खड्ड्यात आयतं पाणी होतं. दुपारी कुणी नसताना ती तिथून उपसून आपल्या खड्ड्यात ओतायची. "आणि तुला कळत कसं नाही गं? रोज एवढं उपसते, तरी दुसऱ्या दिवशी भरलेलं. झराच आहे तुझ्याकडे. माझा जळफळाट व्हायचा नुसता."

धाकटीने थोरलीच्या हातातली बादली घेतली आणि तिच्या खड्ड्यात ओतली. पाणी गोल फिरलं, बिळात शिरलं, गडप झालं. मग तिने थोरलीला हाताला धरून आपल्या खोल खड्ड्याच्या काठावर आणलं. मुळांच्या जुडग्याआडून, भिंतीतून, पाणी खळाळत पडत होतं.

थोरलीने खड्ड्याकडे पाहिलं. मग आपल्या खड्ड्याकडे पाहिलं. मग रिकाम्या बादलीकडे.

"म्हणजे हे..."

"हो."

"मी रोज..."

"तेच पाणी, ताई."

"अगं, पण माझे हात गळून गेले!" थोरली किंचाळली आणि मातीच्या ढिगावर मटकन बसली. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तिने धाकटीच्या पाठीत धपाटा घातला आणि धपाट्याचा हात चिखलाने भरला, त्यावरून दोघी पुन्हा हसल्या. पंधरवडाभर एक बाई ज्या तहानेवर जळत होती आणि दुसरी ज्या झऱ्यावर, ते सगळं मिळून एका घुशीच्या घरातून वाहणारं दोनचार बादल्या गढूळ पाणी होतं.

हसू ओसरल्यावर मात्र दोघींनाही एकदमच कळलं. बीळ तसंच राहिलं तर उद्या थोरली पास, धाकटी नापास. आणि हे आता फक्त त्या दोघींना ठाऊक होतं.

धाकटी काय मागणार? लेपाची बादली तर तिच्याच हातात होती.

थोरली पदराला हात पुसत राहिली. "यांनी पाया भरणाऱ्याला परवाचा दिवस दिलाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आणि ते बीळ तसंच राहिलं, तर उद्या माझ्या टाकीतलं सगळं..."

"माझ्या दारात," धाकटी म्हणाली.

"सगळं?"

"सगळं, ताई."

"आणि तू मग मला रोज विचारणार, 'काय हो, आज काय खाल्लंत?'"

"विचारायची गरज पडणार नाही."

थोरली उठली, तिने पदर खोचला. "आण ती बादली," ती म्हणाली. "पण लेप फक्त बिळाला. बाकीच्या भिंतीला हात लावलास तर याद राख."

दोघींनी मिळून बिळाची दोन्ही तोंडं दगडगोट्यांनी ठासली आणि वरून लिंपली. मग धाकटीने आधी लेपलेली भिंत थोरलीने खुरप्याने खरवडली, एका शब्दाने न विचारता की हा लेप आला कुठून. तिच्या त्या न विचारण्यावर धाकटी आयुष्यात पहिल्यांदा जळली नाही. खोल खड्ड्यातलं पाणी उपसून दोघींनी दोन्ही उथळ खड्डे भरले. आळीपाळीने, एक बादली इकडे, एक तिकडे, आणि प्रत्येकीचं लक्ष दुसरीची बादली काठोकाठ भरलीय की नाही याच्यावर.

सकाळी खड्डेसाहेब आले. दोघींचे नवरे, सासूबाई, मास्तर, इस्त्रीवाला, सगळे दोरीभोवती जमले. खड्डेसाहेबांनी धाकटीचा खोल खड्डा खाली उतरून पाहिला तर तळ नुसता दमट. त्यांनी भिंतीतल्या लिंपलेल्या तोंडावर टकटक केलं, वर दोघींकडे पाहिलं, दोघींनी आकाशाकडे पाहिलं. मग उथळ खड्डे भरले गेले, दोन्हींत खुणांची काठी उभी राहिली आणि सगळे वाट बघत बसले. पाणी एवढं सावकाश उतरत होतं की मास्तरांनी दोनदा घड्याळ कानाला लावलं.

थोरलीचं जरासं खाली गेलं. धाकटीने श्वास धरला. धाकटीचं गेलं. थोरलीने गळ्यातली साखळी चावली. पुन्हा हिचं, पुन्हा तिचं. शेवटी खड्डेसाहेबांनी दोन्ही काठ्या बाहेर काढल्या, शेजारी शेजारी धरल्या, चष्मा पुसला आणि परत पाहिलं.

"सारखं," ते म्हणाले. "रेघेला रेघ. सावकाश पिते, पण पिते. शोषखड्डे जरा मोठे घ्या. दोघांनाही परवानगी."

भावांनी एकमेकांना मिठी मारली. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगतच होते, सारखे." धाकटीच्या नवऱ्याने आपल्या खरवडलेल्या खड्ड्याकडे पाहून सुस्कारा सोडला. लेक मातीच्या ढिगावरून घसरत खाली आली, परत वर चढली, परत घसरली, आणि तिला कुणीही "उठ तिथून" म्हटलं नाही. घर झालं. जणू झालंच.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, दोघी जावांची तोंडं जरा उतरलीच होती.

"सारखं म्हणे," थोरली हळूच म्हणाली.

"रेघेला रेघ," धाकटी म्हणाली.

"नीट पाहिलं असेल ना त्यांनी? चष्मा पुसत होते."

"माझं थोडं जास्त उतरलेलं वाटत होतं मला."

"मला माझं वाटत होतं."

मग थोरलीने सहज, अगदी वाळत घातलेल्या कपड्यांवरची सुरकुती काढावी तितक्या सहज विचारलं, "टाकीवर झाकण कुठलं घेणार आहेस गं? काही पाहिलंयस का?"

धाकटीचं झाकण ठरलं होतं. हिरवं, ओतीव लोखंडाचं, कडेला वेलबुट्टी असलेलं, हार्डवेअरच्या दुकानात दर्शनी टांगलेलं. तसं एकच होतं.

"छे, एवढ्यात कुठे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी तर विचारच केला नाही बाई अजून."

आणि संध्याकाळी दिवेलागणीला, कुणालाही न सांगता घराबाहेर पडलेल्या त्या दोघी हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर एकमेकींना धडकल्या.